‘ग्रॅमिनॉइड’ला मराठी रकाना : माळरान शब्दसूचीच्या प्रकल्प नोंदी

१४ जुलै २०२४

सर्वेक्षणाचा छापील तक्ता आज हातात आला. एक मीटर बाय एक मीटरची चौकट माळावर टाकायची आणि तिच्यात काय काय किती आहे ते लिहायचं. रकाने असे : ग्रॅमिनॉइड, फोर्ब, झुडूप, उघडी जमीन, दगड. शेवटचे तीन कोणालाही कळतात. पहिल्या दोन शब्दांवर मात्र मुलं अडली आणि सोबत आलेले गावातले दोघेही अडले. ‘ग्रॅमिनॉइड म्हणजे गवतच ना, मग गवत का नाही लिहीत?’ हा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर ‘हो’ही आहे आणि ‘नाही’ही, म्हणून शब्दसूचीचं काम याच शब्दापासून सुरू करतो आहे. हीच सूची पुढे पुस्तिकेत आणि माळावरच्या पाट्यांवर जाणार आहे.

ठरलेली पद्धत : प्रत्येक शब्दाखाली तीन गोष्टी लिहायच्या. डोळ्यांनी काय ओळखायचं, आपल्या भागात लोक त्याला काय म्हणतात, आणि शब्द आला कुठून. तिसरी गोष्ट कशाला हवी, असं आज एका सहकाऱ्याने विचारलं. माझं मत असं की परिभाषेतला शब्द घोकून लक्षात राहत नाही, त्याचं मूळ समजलं की राहतो. शिवाय शास्त्रातले हे शब्द कुणा परक्या विद्वानाने हवेतून काढलेले नाहीत. तेही गुरं चारणाऱ्या, मळणी करणाऱ्या माणसांच्याच तोंडचे आहेत, आणि हे मुलांना कळावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

१९ जुलै

ग्रॅमिनॉइडचे दोन तुकडे : ‘ग्रामेन’ आणि ‘ऑइड’. ग्रामेन हा लॅटिन शब्द, अर्थ गवत. त्याचं षष्ठीचं रूप ग्रामिनिस, म्हणून जोडशब्दात ‘ग्रॅमिन-’ येतं. ऑइड हे ग्रीक ‘एइदोस’चं शेपूट. एइदोस म्हणजे रूप, आकार, जे दिसतं ते. त्याचा धातू पाहण्याचा आहे आणि आपला ‘विद्’ त्याच मुळातला : तिकडे पाहणं राहिलं, इकडे जाणणं झालं. या शेपटाचे शब्द मुलांना आधीच माहीत आहेत. ॲस्टेरॉइड म्हणजे ताऱ्यासारखा दिसणारा. थायरॉइड म्हणजे ढालीसारखी दिसणारी ग्रंथी, कारण ग्रीकमध्ये ‘थिरेओस’ ही दाराएवढी लांबट ढाल. यांत कुठेही ‘तो तारा आहे’ किंवा ‘ती ढाल आहे’ असा दावा नाही, दावा फक्त दिसण्याचा आहे.

सगळा मुद्दा इथेच आहे. ग्रॅमिनॉइड हा कुळाचा शब्द नाही, रूपाचा आहे. लांब, अरुंद, समांतर शिरांची पानं आणि बारीक, रंगीत पाकळ्या नसलेली फुलं असलेली कुठलीही मऊ खोडाची वनस्पती त्यात बसते. त्यात मुख्यतः तीन कुळं येतात. पहिलं खऱ्या गवतांचं, जगात सुमारे १२ हजार जाती असलेलं, ज्यात ज्वारी, बाजरी, भात, गहू, ऊस, बांबू सगळे आले. दुसरं मोथा-लव्हाळ्याचं, सायपरेसी, सुमारे साडेपाच हजार जातींचं. तिसरं जुंकेसी, थंड आणि ओल्या प्रदेशांत जास्त आढळणारं. आमच्या माळावर तिसऱ्या कुळाचं काही मिळालेलं नाही, त्यामुळे पुस्तिकेत त्याला एक ओळ पुरे. काही जण पाणकणसालाही या रकान्यात घेतात, पण आमच्या माळावर पाणीच नाही, तेव्हा तो वादही बाजूला.

मराठी प्रतिशब्दासाठी तीन पर्याय समोर आहेत : तृणसदृश, तृणाभ, गवतासारखं. ‘गवतवर्गीय’ हा चौथा कुणीतरी सुचवला, तो मी लगेच नाकारला. वर्ग म्हटलं की नातं आलं, आणि इथे नात्याचा दावाच नाही.

२७ जुलै

पाऊस उघडल्यावर माळाच्या खालच्या बाजूला, बांधाजवळ गेलो. हरळी आणि लव्हाळा शेजारी शेजारी उगवलेले तिथे हमखास मिळतात. दोन्ही शेतकऱ्याच्या डोक्याला ताप आणि दोन्ही लांबून ‘गवत’च. मुलांना प्रत्येकी एकेक काडी हातात दिली आणि डोळे मिटून बोटांत फिरवायला सांगितली.

लव्हाळ्याची दांडी फिरत नाही, अडखळते, कारण तिला तीन कडा आहेत. ब्लेडने आडवी कापली की स्वच्छ त्रिकोण दिसतो आणि आत पांढरा भेंड भरलेला. खालपासून फुलोऱ्यापर्यंत एकही पेर नाही. पानं बुडाशी, तीन ओळींत. पानाचा जो भाग दांडीला गुंडाळलेला असतो तो पूर्ण बंद नळी असतो, नखाने सोलायला गेलं तर फाटतो.

हरळीची काडी सहज फिरते. थोड्या थोड्या अंतरावर बोटाला गाठ लागते, ते पेर. पानं समोरासमोरच्या दोन ओळींत. गुंडाळलेला भाग एका बाजूने उघडा, नखाने अलगद सुटतो. तो सुटल्यावर पान जिथे काडीपासून बाहेर वळतं तिथे भिंगाखाली केसांची बारीक झालर दिसते. गवताच्या जातीप्रमाणे तिथे झालर असते, नाहीतर पातळ पापुद्रा. शास्त्रात तिचं नाव लिग्यूल, लॅटिनमध्ये ‘छोटी जीभ’. पाठ्यपुस्तकातला ‘जिव्हिका’ हा त्याचाच सरळ अनुवाद आणि चांगला आहे, तोच ठेवतो.

कुळाने हे दोघे वेगळे, तरी रकाना एकच. एका मुलीने विचारलं, ‘मग तुकोबांच्या महापुरात वाचतो तो लव्हाळा गवत नाहीच?’ वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने नाही. पण पुरात वाकून टिकायला जे लागतं, म्हणजे लवचीक खोड, अरुंद पानं आणि जमिनीत घट्ट रुतलेलं बूड, ते रूपातच असतं, कुळात नाही. तुकोबांनी रूप पाहिलं होतं, आणि ग्रॅमिनॉइड हा शब्दही रूपच पाहतो. हे उदाहरण पुस्तिकेत घ्यायचं नक्की केलं.

लव्हाळ्याच्या मुळाशी ज्या गाठी असतात त्या मोथा. हा शब्द संस्कृत ‘मुस्ता’पासून प्राकृतातून आला. लव्हाळ्याच्या शास्त्रीय नावातल्या सायपरसचं ग्रीक मूळ ‘किपेइरोस’ हेही दलदलीतल्या एका सुगंधी वनस्पतीचं नाव. दोन्हीकडे नाव देणाऱ्याने मुळापर्यंत उकरून वास घेतला होता.

४ ऑगस्ट

आजचा पूर्ण दिवस ‘ग्रामेन’वर गेला, पण सार्थकी लागला.

या शब्दाच्या मुळाबद्दल भाषाशास्त्रात दोन मतं आहेत. एक मत त्याला ‘वाढणे’ या अर्थाच्या जुन्या धातूशी जोडतं, म्हणजे इंग्रजीतले ग्रास, ग्रो आणि ग्रीन हे ज्या मुळातले त्याच मुळाशी. दुसरं मत त्याला ‘खाणे, गिळणे’ या धातूशी जोडतं. या धातूची ग्रीकमधली पोरं म्हणजे ‘ग्राओ’, कुरतडतो, आणि ‘ग्रास्तिस’, हिरवा चारा. संस्कृतात तोच धातू ‘ग्रस्’. ग्रहण लागतं तेव्हा सूर्य ग्रस्त होतो तो हाच, आणि ताटावर बसल्यावर आपण जो घास घेतो तोही संस्कृत ‘ग्रास’चा वंशज.

मला दुसरं मत जास्त पटतं, आणि ते केवळ आपल्या भाषेचा संबंध येतो म्हणून नाही. ग्रामेनचं जुनं रूप ‘ग्रास्-मेन’ धरलं तर ‘जे चरलं जातं ते’ असा अर्थ सरळ लागतो, आणि ग्रीक ग्रास्तिस शेजारीच उभा आहे. पण पुस्तिकेत दोन्ही मतं देणार. वाद मिटलेला नसताना एकच बाजू छापणं मुलांवर अन्याय आहे.

खरी गंमत ‘घास’ या शब्दाची आहे. मराठीत तोंडातला घास ग्रासपासून आला. चाऱ्याचा ‘घास’ मात्र संस्कृतातल्याच ‘घास’पासून, ‘घस्’ म्हणजे खाणे या वेगळ्या धातूचा. हिंदीतलं घास, म्हणजे गवत, तेही हेच. पुढे दोन्ही शब्द मराठीत एकाच उच्चाराला येऊन मिळाले. तिसरीकडे इंग्रजी ‘ग्रास’ ऐकायला आपल्या ग्रासासारखा आणि अर्थाने हिंदी घासासारखा, पण तो वाढण्याच्या धातूतला, या दोघांचाही सख्खा नाही. म्हणजे शब्दांतही लव्हाळे आणि हरळ्या असतात : शेजारी उगवतात, दिसायला एक, कुळाने वेगळे. व्युत्पत्ती सांगताना म्हणूनच नुसत्या आवाजावर जाऊ नये, पेर चाचपून बघावं.

आमच्या भागात ‘घास’ म्हटलं की शेतकरी लसूणघास समजतो, आणि ते तर द्विदल, हरभऱ्याच्या कुळातलं. सर्वेक्षणात लसूणघास ग्रॅमिनॉइडच्या रकान्यात जाता कामा नये. तक्त्यावर तशी तळटीप हवी.

मुलांनी विचारलेले आणखी दोन ‘ग्रॅम’ इथेच निकालात काढतो. वजनाचा ग्रॅम ग्रीक ‘ग्रामा’चा, व्याकरणाचं ग्रामरही तिकडचंच, अक्षर लिहिण्याशी संबंध असलेलं. हरभऱ्याला इंग्रजीत ग्रॅम म्हणतात ते पोर्तुगीज ‘ग्राओं’, म्हणजे दाणा, यावरून, आणि त्याचं मूळ लॅटिन ‘ग्रानुम’. गवताच्या ग्रामेनशी यांतल्या कुणाचाच संबंध नाही.

११ ऑगस्ट

छोटी नोंद. कुळाचं नाव ग्रॅमिनी लिहायचं की पोएसी? दोन्ही बरोबर. वनस्पतींच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत आठ कुळांना जुनं आणि नवं अशी दोन्ही नावं चालतात, त्यात हे एक. ग्रॅमिनी हे नाव ज्यूसिएच्या १७८९ च्या ग्रंथापासून चालत आलेलं, पोएसी हे बार्नहार्टने १८९५ मध्ये दिलेलं. पोएसी ‘पोआ’ या प्रजातीवरून (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट), आणि ग्रीकमध्ये पोआ म्हणजेही गवत, चारा. मराठी विश्वकोशात ‘कुल – ग्रॅमिनी’ असं वाचायची आपल्या वाचकाला सवय आहे, आणि ग्रॅमिनॉइड शब्दाशी त्याचं नातंही उघड दिसतं. तरी विद्यार्थ्याला पुढे सगळीकडे पोएसीच भेटणार. म्हणून पाटीवर ‘तृण कुल’, पुस्तिकेत दोन्ही नावं.

१ सप्टेंबर

उद्या पोळा. आज माळावर मेंढ्या घेऊन आलेले मामा भेटले आणि चौकटीजवळ बराच वेळ बसले. त्यांना रकाने वाचून दाखवले. फोर्ब म्हणजे काय ते सांगितलं : गवतासारखी नसलेली, लाकूड न धरणारी, रुंद पानांची झाडोरी. ते म्हणाले, ‘म्हंजी पाला.’ मेंढरू कोणता पाला आधी तोडतं, कोणता उन्हाळ्यापर्यंत ठेवतं, कोणत्याला तोंडच लावत नाही, हे त्यांनी झाड दाखवून दाखवून सांगितलं. आम्ही ‘फोर्ब’ या एका शब्दात जे कोंबलं होतं त्याचे त्यांच्याकडे तीन-चार कप्पे होते.

फोर्बची व्युत्पत्ती त्यांना सांगितली तेव्हा ते खुश झाले. ग्रीक ‘फोर्बे’ म्हणजे चारा, चरण. म्हणजे ग्रामेनचं दुसरं मत खरं धरलं तर गवत म्हणजे ‘चरलं जाणारं’, पोआ म्हणजे चारा आणि फोर्बही चाराच. तक्त्यावर आज जे दोन शास्त्रीय आणि एकमेकांपासून वेगळे रकाने आहेत ते दोन्ही जनावराच्या तोंडापासून सुरू झाले. आपला ‘चारा’ही ‘चरणे’तलाच. मामांचं यावर म्हणणं : ‘बरोबरच हाय. खाणाऱ्याबिगर गवताचं नाव कोन घेतंय?’

गवतांची त्यांनी सांगितलेली नावं लिहून घेतली : पवन्या, मारवेल, डोंगरी, कुसळी, कुंदा. कुंद्याबद्दल ते फार बोलले नाहीत, काळ्या रानात तो शिरला की शेतकरी रडतो एवढंच म्हणाले. सगळ्या पाट्यांवर ही नावं मोठ्या अक्षरात आणि शास्त्रीय नाव खाली लहान. यावर माझ्याकडून तडजोड नाही.

६ सप्टेंबर

उद्या गणपती, त्यामुळे दूर्वा हा शब्द आजच हातावेगळा केला.

दूर्वा आणि हरळी एकच, हे अनेक शहरी मुलांना नवीन असतं. पूजेच्या जुडीत तीन पानांचा कोवळा शेंडा असतो आणि शेतात तीच उपटून उपटून हात सोलतात. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. ‘किओन’ म्हणजे कुत्रा, आपल्या ‘श्वन्’चा भाऊबंद. ‘ओदोन्त’ म्हणजे दात, आपला ‘दन्त’. जमिनीतल्या धुमाऱ्यांवर जे टणक, टोकदार खवले असतात त्यांवरून हे श्वानदंत नाव. ‘डाक्तिलोस’ म्हणजे बोट : फुलोऱ्याच्या तीन ते सहा काड्या एकाच जागेवरून पंजासारख्या फुटतात. १७५३ मध्ये लिनियसने हिला पॅनिकममध्ये घातलं होतं, तेव्हाही ‘डॅक्टिलॉन’ होतंच. पेर्सूनने १८०५ मध्ये प्रजाती बदलली, बोटं राहिली.

एकदा ही बोटं दिसली की हरळी कुणी विसरत नाही. पाटीवर फुलोऱ्याचं चित्र मोठं काढायला सांगितलं आहे.

२२ सप्टेंबर

मारवेल फुलोऱ्यावर आला. पेराजवळ भिंग धरलं की पांढऱ्या केसांचं कडं दिसतं. डायकँथियम ॲन्यूलॅटम या नावातला ‘ॲन्यूलॅटम’ म्हणजे कडं असलेलं. नाव आणि खूण एकमेकांना इतकी चिकटलेली क्वचित सापडतात.

आज कणिशकाचे, म्हणजे गवताच्या फुलोऱ्यातल्या सर्वांत लहान घटकाचे, भाग केले आणि इथे परिभाषेची खरी अडचण लागली. गवताचं फूल पाकळ्यांत नसतं, तुसांत असतं. कणिशकाच्या तळाशी दोन तुसं, त्यांना ग्लूम म्हणतात. त्यांच्या आत प्रत्येक फुलाला आणखी दोन : बाहेरचं लेमा, आतलं पातळ पॅलिया. तिन्ही शब्द मळणीच्या खळ्यातले आहेत. लॅटिन ‘ग्लूमा’ म्हणजे तूस, सोलणे या क्रियापदाशी जोडलेला. ग्रीक ‘लेमा’ म्हणजे साल, तोही सोलण्याचाच. ‘पालेआ’ म्हणजे उफणताना उडतो तो भुसा, आणि संस्कृत ‘पलाव’, भुसकट, हा त्याचा नातेवाईक.

पाठ्यपुस्तकं ग्लूमला ‘तुष’ म्हणतात. पण शेतकरी तूस म्हणतो ते कुठलं? भाताचं. आणि भाताच्या दाण्यावर जे टणक तूस असतं ते ग्लूम नाही, ते लेमा आणि पॅलिया. ग्लूम म्हणावेत असे भाग भातात तळाशी अगदी खुरटलेले राहतात. म्हणजे गिरणीत काम केलेला माणूस आणि पाठ्यपुस्तक वाचलेला विद्यार्थी ‘तूस’ म्हणताना दोन वेगवेगळ्या गोष्टी दाखवतील. यावर तिघांत बराच खल झाला. मी मांडलेला तोडगा असा : तिन्हींना ‘तूस’च म्हणायचं, जागा सांगायची. ग्लूम म्हणजे बुडाचं तूस, लेमा म्हणजे फुलाचं बाहेरचं तूस, पॅलिया म्हणजे फुलाचं आतलं तूस. शब्द लांब झाले खरे, पण सूची पाठ नसली तरी माणूस बोट बरोबर ठेवेल. सगळ्यांना पटलं.

खोडाला इंग्रजीत कल्म म्हणतात, लॅटिन ‘कुल्मुस’वरून. ग्रीक ‘कालामोस’ म्हणजे बोरू, तो याचा भाऊ. तोच कालामोस अरबीत ‘कलम’ झाला आणि आपल्याकडे लेखणी होऊन आला. मराठीत गवताच्या खोडाला ‘काडी’ पुरेसा आहे. ‘संधिकांड’ वगैरे शब्द नकोत.

१३ ऑक्टोबर

दसरा झाला, माळ सोनेरी पडला आणि कुसळं तयार झाली. चालताना मोजे भरून निघतात.

कुसळ हा शब्द आपल्या प्रत्येकाच्या तोंडी आहे : दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही. पण म्हणीतलं कुसळ म्हणजे ‘बारीक कचरा’ असं वर्गातल्या बहुतेकांना वाटत होतं. आज त्यांनी ते हातात धरलं. हेटरोपोगॉन कॉन्टॉर्टस, आपली कुसळी. दाण्याच्या टोकाला सुईसारखा काटेरी बुंधा, त्यावर मागे वळलेले ताठ केस आणि वर बोटभर लांब, काळपट, पिळा पडलेलं कुसळ. पाण्याचा थेंब टाकला की पीळ उलगडायला लागतो आणि कुसळाचं टोक हळूहळू फिरतं. वाळलं की परत पीळ पडतो. मागे वळलेल्या केसांमुळे दाणा पुढे जातो, मागे येत नाही. असं गिरमिट फिरवल्यासारखं तो स्वतःला मातीत पेरतो. तेच मेंढीच्या लोकरीतही होतं आणि लोकरीखालच्या कातडीतही. म्हणून मेंढपाळ कुसळी कोवळी असताना किंवा कुसळं झडून गेल्यावर चारतात, मधल्या दिवसांत टाळतात.

नावातला ‘पोगॉन’ म्हणजे दाढी, ‘हेटेरोस’ म्हणजे वेगळा : एकाच कणसात खालच्या कणिशकांना कुसळ नसतं, वरच्यांना असतं. ‘कॉन्टॉर्टस’ म्हणजे पिळलेलं. गवतांच्या नावांत दाढ्या फार. आमच्या माळावरची डोंगरी म्हणजे क्रायसोपोगॉन, सोनेरी दाढी. गवती चहा म्हणजे सिंबोपोगॉन, होडीसारख्या आवरणाची दाढी.

शास्त्रीय संज्ञा ‘ऑन’, लॅटिन ‘अरिस्ता’. काही ठिकाणी ‘शूक’ असा प्रतिशब्द वाचला. मी सूचीत फक्त ‘कुसळ’ ठेवला. म्हणीमुळे सगळ्या महाराष्ट्राला पाठ असलेला आणि शास्त्राला नेमका हवा तोच शब्द घरात असताना दुसरा आणायचं कारण नाही.

२७ ऑक्टोबर

शेवटी ‘तृण’कडे आलो, कारण ग्रॅमिनॉइडचा प्रतिशब्द त्यावर ठरणार आहे.

तृण प्राकृतात तण झालं. मराठीत तण म्हणजे पिकात नको असलेलं काहीही. कोकणीत मात्र तण म्हणजे आजही गवतच. गोव्यातल्या एका विद्यार्थिनीने हे सांगितलं तेव्हा बाकीच्यांना नवल वाटलं. इंग्रजीतलं ‘थॉर्न’, काटा, हे तृणाचं दूरचं भावंड. मूळ कल्पना ताठ, टोचऱ्या काडीची. म्हणजे आपल्या पूर्वजांनी हे नाव ठेवताना खाण्यापेक्षा बोटाला काय लागतं ते पाहिलं.

अमरकोशाच्या वनौषधिवर्गात बांबूच्या नावांत ‘त्वक्सार’ आहे आणि ‘तृणध्वज’ आहे. त्वक्सार म्हणजे ज्याचं बळ सालीत आहे, आतून पोकळ. तृणध्वज म्हणजे गवतांचा झेंडा. तिथेच सुपारी, खजूर, केतकी, ताड यांना ‘तृणद्रुम’ म्हटलंय, गवती वृक्ष. फुलांची चिरफाड न करता, नुसत्या खोडा-पानांवरून, ही सगळी मंडळी वडा-पिंपळापासून वेगळी आणि गवताच्या जवळची आहेत हे त्यांनी ओळखलं. आज आपण त्यांना एकदल म्हणतो. हा उतारा पुस्तिकेत पूर्ण पानभर जावा असा माझा आग्रह आहे.

बांबूमुळे ग्रॅमिनॉइडची व्याख्याही दुसऱ्या बाजूने बांधली गेली. लव्हाळा तृण कुलातला नाही, पण ग्रॅमिनॉइड आहे. बांबू तृण कुलातला आहे, पण लाकडासारखा टणक होऊन उंच वाढतो म्हणून चौकटीतल्या ग्रॅमिनॉइडमध्ये त्याची गणना करत नाहीत. कूळ आणि रूप हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि माळावर उभ्या असलेल्या माणसाला पहिल्या दिवशी फक्त दुसऱ्याचं उत्तर देता येतं. फुलोरा यायच्या आधी कितीतरी गवतांची जात सांगता येत नाही. तेव्हा ‘दिसायला गवतासारखं’ ही नोंद पूर्ण प्रामाणिक नोंद असते. रकाना म्हणूनच महत्त्वाचा.

निर्णय : सूचीत ‘तृणाभ’. ‘आभ’ हा दिसण्याचाच शब्द आहे, ‘मेघाभ’ म्हणजे मेघासारखा दिसणारा, आणि एइदोसचं काम तो नेमकं करतो. तृणसदृशपेक्षा आटोपशीरही आहे. तक्त्यावर मात्र साधी ओळ : ‘गवतं आणि गवतासारखी’. नुसतं ‘गवतासारखी’ लिहिलं तर खरी गवतं कुठे लिहायची, हा प्रश्न चौथीतल्या मुलानेही विचारला असता. फोर्बसाठी मामांचा ‘पाला’ ठेवला, खाली ‘लाकूड न धरणारी, रुंद पानांची’ अशी खूण.

१७ नोव्हेंबर

पाट्यांचा मजकूर रंगाऱ्याकडे गेला. फ्लेक्सचा प्रस्ताव होता, पण माळावरच्या उन्हात तो टिकत नाही. पत्र्यावर ऑइलपेंट.

शेवटच्या क्षणी वाळ्याची पाटी वाढवली. तो आमच्या माळावरचा नाही, रोपवाटिकेजवळच्या ओघळीकाठी माती धरायला लावलेला आहे. पण त्याच्या नावात आमचा ‘ऑइड’च बसला आहे : क्रायसोपोगॉन झिझानिऑइडिस, ‘झिझानियासारखा दिसणारा’. झिझानियोन म्हणजे ग्रीकमध्ये गव्हात उगवणारं एक तण. पूर्वी या प्रजातीचं नाव व्हेटिव्हेरिया होतं, तमिळ ‘वेट्टिवेर’वरून, ज्यात ‘वेर’ म्हणजे मूळ. १९६० मध्ये रोबर्टीने वाळा क्रायसोपोगॉनमध्ये हलवला आणि तमिळ शब्द शास्त्रीय नावातून गेला. मला त्याचं वाईट वाटतं. माठात वाळ्याची जुडी टाकणाऱ्या कुणालाही विचारा, या गवताची ओळख मुळातच आहे. पाटीवर जुनं नावही कंसात लिहायला सांगितलं आहे.

बाकी कामं : लसूणघासाची तळटीप तक्त्याच्या पुढच्या छपाईत घालणे. पवन्या हे नाव शेजारच्या तालुक्यात दुसऱ्या गवताला लावतात असं कळलं आहे, त्यामुळे दोन्हीकडचे नमुने फुलोऱ्यासकट दाबून, शेजारी शेजारी ठेवून तपासणे, तोवर ती पाटी रंगवायची नाही. कुंद्याचा नमुना काळ्या रानातून आणणे. ‘कणिशक’ला बोलीत काही शब्द आहे का, हे सुगीच्या वेळी ज्वारी काढणाऱ्या बायकांना विचारणे.